डावऱ्या माणसांचा सिनेमा

लोणंदच्या रंगूबाईला सिनेमातलं काय कळत होतं, असं कुणी विचारलं तर सरळ सांगावं, की सगळं कळत होतं. उभ्या जन्मात तिनं पाटीवरचं एक अक्षर वाचलं नव्हतं. पण खेळ चालणार की पडणार हे ती पहिल्याच दिवशी सांगून मोकळी व्हायची. तंबू टॉकीजचे मालक हंबीरराव पुण्याहून रिळांच्या पेट्या आणायचे, कर्ण्यावर गाणी लावायचे, टांग्यातून जाहिरात फिरवायचे. आणि एवढं सगळं करून पहिला खेळ सुटला, की हळूच येऊन रंगूबाईच्या पाटीत डोकवायचे. भाजलेल्या शेंगा किती उरल्यात ते बघायला!

"हसायचा खेळ असला की शेंगा खपत्यात, मालक," रंगूबाई सांगायची. "मारामारीचा असला की त्याहून जास्ती. हाताला चाळा लागतो नव्हं! आन् रडका असला की बायकांचा हात जातो पदराला आन् बाप्यांचा मिशीला. पुडीला कुणाचाच जात न्हाई."

"आगं, पण रडक्या खेळाला तंबू भरतोय माझा."

"भरंना का! तुमचा तंबू भरल्याला आन् माझी पाटीबी भरल्याली. त्याचं काय करू?"

हंबीरराव हसायचे. माणूस तसा बरा होता. दिवाळी सरली की बाजारतळामागच्या माळावर त्यांचा तंबू पडायचा आणि वळवाच्या आत ते गाशा गुंडाळायचे. तेवढे महिने रंगूबाईचं घर शेंगांवर चालायचं. बाकीचे महिने कसं चालायचं ते तिचं तिला ठाऊक.

पण मतं म्हणाल, तर त्या घरात रंगूबाईचा नंबर दुसरा. पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा, धनाजीचा. हा धनाजी कांद्याच्या बाजारातला हमाल. कसला हमाल म्हणता! भरलेलं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून असा चढायचा, की व्यापारी हातातलं काम टाकून बघत राहायचे. तीन वर्षांपूर्वी पोत्यांची थप्पी घसरली आणि त्याच्या कमरेवर आली. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, पुष्कळ दिवस ठेवलं, आणि माघारी आणलं. जीव वाचला, पण पाय गेले. तेव्हापासून तो घरात बसल्या बसल्या हातावर सरकायचा, आणि उंबऱ्याच्या बाहेर मात्र कधी गेला नाही. जुने सोबती न्यायला यायचे. तो म्हणायचा, "बाजारानं बघितल्याला धनाजी हाय तसा ऱ्हाऊ द्या गड्यांनो. ह्यो नको दावायला."

घरात बसून तो शेंगांच्या पुड्या करायचा. ठेसनाजवळच्या दुकानातून रंगूबाई रद्दी आणायची, पुण्याचे, साताऱ्याचे, कुठकुठले जुने पेपर. धनाजी चौथी शिकलेला. पेपर वाचून झाल्याशिवाय त्याची पुडी करायची नाही, हा त्याचा नेम. त्यामुळं व्हायचं असं, की जगातली बातमी धनाजीला कळायची, पण सहा महिन्यांनी. आणि कळली की तो अशा तावातावानं भांडायचा, जणू मंत्री समोरच पाटावर बसलाय.

शहासष्टच्या दिवाळीनंतरची गोष्ट. रंगूबाई चुलीवर वाळूत शेंगा भाजत होती आणि धनाजी ओरडला, "रंगे! आगं, रुपाया पाडला की सरकारनं!"

"कवा?"

"जूनात."

"आता दिवाळी झाली की वो! पडला आसंल, उठलाबी आसंल."

"उठतोय कशाचा? एकदा पडल्यालं उठत नसतंय," धनाजी म्हणाला आणि त्यानं त्या कागदाची सुरळी वळली. तो काही आपल्या पायांकडं बघून बोलला नव्हता, पण रंगूबाईनं त्याच्या पायांकडं बघितलं. तिच्या हातातलं उलथनं थांबलं.

रेडिओचा त्याला भारी राग. ठेसनावरच्या हॉटेलातला रेडिओ सकाळ-संध्याकाळ घरात ऐकू यायचा, तर बातम्यांच्या वेळी हा कानांवर हात ठेवायचा. धनाजी म्हणायचा, "त्यो बोलतोय आन् आपण ऐकायचं. उलटं कायतरी इचारावं म्हणलं तर थांबत न्हाई. पेपर बरा. वाचावा, भांडावं, आन् पटला न्हाई तर पुडी करावी. रेडिओची पुडी व्हतीया व्हय?" रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीवरही त्याचं मत होतं, पण ते भाकरी खाताना ऐकवत नसे. रंगूबाईला ही सगळी मतं पाठ होती. तिला ती आवडायचीसुद्धा. धनाजी भांडतोय म्हणजे धनाजी जिवंत आहे, एवढंच ती धरून चालायची.

आणि रोज पहिला खेळ सुटल्यावर घरी आली, की ती त्याला अख्खा सिनेमा सांगायची. भाकरी थापता थापता ती हिरो व्हायची, हिरॉईन व्हायची, खाष्ट सासू तर काय झकास व्हायची! धनाजी भिंतीला टेकून ऐकायचा आणि मधे मधे मत द्यायचा.

"मालक मला आत बसवत्यात," असं तिनं त्याला सांगितलं होतं. आता हे खोटं होतं. आत बसायला तिकीट लागतं, आणि हंबीरराव बरे असले तरी इतके बरे नव्हते. खेळ सुरू झाला की रंगूबाई तंबूला वळसा घालून मागं जायची. पडद्यामागच्या कनातीला एक फट होती. तिथं पाटी पालथी घालून ती बसायची. पडदा साधा पांढऱ्या कापडाचा. त्याच्यावरचं सगळं मागून दिसायचं, आणि कर्णा तर डोक्यावरच.

दिसायचं, पण उलटं दिसायचं. तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिनं कधी पुढून बघितलंच नव्हतं तर कळणार कसं? पहिल्याच वर्षी ती घरी येऊन म्हणाली होती, "आवं, एक गंमत सांगू? सिनेमातली माणसं समदी डावरी असत्यात. डाव्या हातानं जेवत्यात, डाव्या हातानं कुक्कू लावत्यात, मुस्काटीत मारायची ती बी डाव्या हातानं. आन् बायकांचा पदर उजव्या खांद्यावर."

धनाजीनं यावर पुष्कळ विचार केला. मग म्हणाला, "पदराचं कळलं. सिनेमात पैसा गुजराथी शेठ लोकांचा. ज्याचा पैसा त्याचा पदर. पर डाव्या हातानं जेवायचं म्हंजी काय? म्हणून तर ह्या सिनेमावाल्यांच्या घरात बरकत न्हाई. शेवटाला समदे रडत्यात." तेव्हापासून हे मत त्या घरात पक्कं झालं. आळीत कुणाजवळ बोलायचा प्रसंग आला नाही, म्हणून कुणी खोडूनही काढलं नाही.

एवढं सगळं हसतंखेळतं वाटतंय ना? पण त्या हिवाळ्यात रंगूबाईच्या मनात एक भीती बसली होती. एका संध्याकाळी धनाजी पुडी वळता वळता अगदी शांतपणे म्हणाला होता, "पोत्याला भोक पडलं की आमी ते बाजूला टाकायचो, रंगे. माणसाला कुठं टाकायचं? मी नसतो तर तू तुझ्या भावाकडं कोरेगावला सुखात ऱ्हायली असतीस." भांडून बोलला असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. पण तो भांडला नाही. त्या दिवसापासून घरातून निघताना ती शेजारच्या आक्काताईला सांगून जायची, "जरा आत-बाहेर करा, आमच्या घरच्यांकडं लक्ष असू द्या." कशासाठी, ते आक्काताईनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

आणि नेमका तेव्हाच तो खेळ लागला. त्याचं नाव काय होतं ते जाहिरातीपुरतं. अख्खं लोणंद त्याला 'पांगळ्याचा खेळ' म्हणायचं. गिरणीतल्या एका कामगाराचे पाय यंत्रात जातात. बायको शिवणकाम करून संसार ओढते. तिची कुचंबणा त्याला बघवत नाही. शेवटी एका पहाटे ती झोपलेली असताना तो कुबड्या घेऊन नदीवर जातो. मग पाण्यावर तरंगणाऱ्या दोन कुबड्या दिसतात आणि खेळ संपतो. बायाबापड्या पदर भिजवून बाहेर यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन परत यायच्या. पाटी भरलेलीच राहायची, पण या वेळी रंगूबाईला पाटीचं दुःख नव्हतं. पहिल्या दिवशी पडद्यामागं तिनं त्या कुबड्या बघितल्या आणि फटीकडं पाठ फिरवली.

घरी धनाजी वाट बघत होता. "काय खेळ व्हता गं?"

रंगूबाईनं पिठात हात घातला आणि सांगायला सुरुवात केली. गिरणी सांगितली, यंत्र सांगितलं, शिवणकाम सांगितलं. नदीपर्यंत आली आणि थांबली.

"मग?" धनाजी पुढं सरकला.

"मग बायकू जागी व्हती! मागनं पळत जाती, धरती त्याला, आन् माघारी आणती. मग गावातली लोकं त्याला दुकान घालून देत्यात. पयलं गिऱ्हाईक येतं, आन् त्यो काठी धरून, आवं, आपला आपण उभा ऱ्हातो!"

"उभा ऱ्हातो?"

"उभा ऱ्हातो. समदा तंबू टाळ्या वाजवतो."

धनाजीनं पुन्हा पुडी वळायला घेतली. त्यानं मतसुद्धा दिलं नाही. रंगूबाईला वाटलं, निभावलं.

निभावतंय कसलं! चार-पाच दिवसांनी बाजारातला बाळासो आला. हा धनाजीचा जोडीदार, मनानं सोनं, पण तोंडाला बांध नाही. आला तो म्हणाला, "धनाजी, गड्या, तुझ्यावरच काढलाय रं सिनेमा! चल बघायला. गाडी आणतो बाजारातली, ढकलत नेतो तुला."

रंगूबाई मनात म्हणाली, नेहमीसारखे नाही म्हणतील. आणि धनाजी म्हणाला, "येतो."

तीन वर्षं ज्या शब्दाची ती वाट बघत होती तो शब्द त्याच्या तोंडून आला, आणि तिला तो नको झाला.

"आवं, कशाला? दगदग व्हईल. आन् खेळ काय लय चांगला न्हाई. कंटाळा येतो."

"तूच म्हणलीस, समदा तंबू टाळ्या वाजवतो."

"थंडी हाय."

"घोंगडं हाय की," धनाजी म्हणाला. मग तो बाळासोकडं वळून, पण तिला ऐकू जाईल असं बोलला, "त्यो पांगळा उभा ऱ्हातो, ते मला एकदा बघायचं हाय. ह्या डोळ्यांनी बघायचं हाय, गड्या. बाकी काय न्हाई." बाळासो गोंधळून रंगूबाईकडं बघायला लागला. त्यानं खेळ बघितला होता. तिनं त्याला डोळ्यांनी अशी दटावणी दिली की तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.

खरं सांगावं, तर तिला सांगता आलं असतं. "मी खोटं बोलले, त्यो उभा ऱ्हात न्हाई, मरतो." एवढंच म्हणायचं होतं. पण हे म्हणायला जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी धनाजीनं न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली, पेटीतला पांढरा सदरा काढायला लावला, पटका स्वतः बांधला. लग्नाच्या दिवशी एवढा सजला नव्हता. रंगूबाई ते बघत राहिली, आणि मग पाटी उचलून तडक तंबूवर गेली.

हंबीरराव तिकिटांच्या खिडकीजवळ उभे होते.

"मालक, आजच्या दिस शेवटचं रीळ लावू नका."

"काय बोलतेस काय?"

"नदीवर जातो तितं थांबवा. मशीन बिघडलं म्हणा. आमच्या घरचं येत्यात बघायला." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, पोत्याचं बोलणंसुद्धा.

हंबीररावांनी तिला खिडकीपासून बाजूला नेलं. "रंगूबाई, माझ्या हातात असतं तर लावलं नसतं. पण शेवट दाखवला नाही तर लोक तंबू पेटवतील. पैसे मोजून रडायलाच तर येतात."

"रडायला पैशे कशाला लागत्यात मालक? घरी फुकाट रडता येतंय!"

हंबीरराव पुन्हा खिडकीकडं वळले. त्यांनी एवढंच केलं, की धनाजीच्या आणि बाळासोच्या तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.

दिवस मावळला आणि माळावरून बाजारातली हातगाडी येताना दिसली. बाळासो ढकलत होता आणि धनाजी घोंगड्यावर ताठ बसला होता. बघता बघता माणसं जमली. "आरं धनाजी! आरं, हाय का तू?" हमाल आले, व्यापारी आले, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी पटक्याची चेष्टा केली. धनाजी आधी अवघडला, मान खाली घालून बसला. मग कुणीतरी कांद्याच्या भावाचं काढलं, आणि त्यानं मान वर करून मत दिलं. रंगूबाईनं लांबून ते ऐकलं. तिला एकदम हुंदका आला आणि तिनं तो शेंगांची आरोळी देऊन दाबला.

गाडी आत बाप्यांच्या बाजूला कडेला लावली. इंजिन धडधडलं, खेळ सुरू झाला, आणि रंगूबाई तंबूला वळसा घालून आपल्या जागी गेली. पडद्याच्या त्या अंगाला धनाजी, या अंगाला ती. मधल्या सुट्टीत ती पाटी घेऊन आत गेली तेव्हा त्यानं तिच्याकडं बघितलं, पण हसला नाही. तो आपला उजवा हात तोंडासमोर धरून त्याच्याकडं बघत होता, मग डावा धरून बघत होता. हे काय चाललंय ते तिला कळेना. 

शेवटचं रीळ लागलं. पहाट झाली, बायको झोपलेली, आणि पांगळा उठला. कुबड्यांचा खट्‌खट् आवाज कर्ण्यातून घुमायला लागला. तंबूत मुसमुसणं सुरू झालं. पडदा ज्या दोरीनं ताणला होता ती रंगूबाईच्या हाताशीच होती. तिनं गाठ चाचपली. सोडली तर पडदा खाली येईल, बोंबाबोंब होईल, हंबीरराव उद्यापासून उभं करणार नाहीत. होऊ दे! जगलो तर कुठंही शेंगा विकू. तिनं गाठीत नख घातलं.

आणि पडद्याच्या त्या बाजूनं आवाज आला.

"ए! ए बाबा! कुठं निघालास?"

तिची बोटं तिथंच राहिली. आवाज धनाजीचा होता. पेपरातल्या मंत्र्यांशी भांडतानाचा आवाज.

"गप रं," कुणीतरी म्हणालं.

"गप काय? त्येला सांगा की कुणीतरी! आरं, माघारी फिर! सोपं हाय व्हय रं ते? उठली म्हंजी काय करंल ती? कुणाकडं बघंल? खेळ कुणाला सांगंल? आरं, तिच्या पुड्या कोण बांधंल?"

सिनेमातली बायको शिवणकाम करणारी. तिला पुड्यांचं काय? पण तंबूत एकालाही तसं वाटलं नाही. सगळ्या लोणंदला ठाऊक होतं, पुड्या कोण विकतं आणि कोण बांधतं.  बायकांच्या बाजूला कुणीतरी मोठ्यानं रडलं. आणि पडद्यावर कुबड्या तरंगायला लागल्या, तसा धनाजी कळवळून ओरडला, "चुकला! चुकला गडी!" त्याबरोबर कुणीतरी फस्सकन हसलं, आणि रडत रडत सगळा तंबू हसायला लागला. पडद्यामागं रंगूबाईनं सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.

त्या दिवशी पांगळ्याच्या खेळाला पहिल्यांदा शेंगा खपल्या. लोक धनाजीच्या गाडीभोवती उभे राहून पुड्या फोडत होते आणि त्या सिनेमावाल्याला शिव्या घालत होते.

बाळासोनं गाडी घरी आणली, धनाजीला उचलून भिंतीशी बसवलं आणि तो गेला. रंगूबाईनं चूल पेटवली. आज खेळ सांगायचा नव्हता, त्यामुळं काय बोलावं तिला सुचेना.

"तू त्येला उभा केलास," धनाजी म्हणाला. "त्येंनी पाण्यात घातला."

"चुकलं माझं."

"तुझं कशाचं चुकलं? चुकलं त्येंचं. तुझा शेवट खरा हाय."

रंगूबाईचा बांध फुटला. "मला लय भ्या वाटत व्हतं वो. तुमी ते पोत्याचं बोलला, तवापास्नं रोज भ्या वाटतंय. घराकडं येताना पाय उचलत न्हाई माझा."

धनाजी सरकत सरकत चुलीजवळ आला. तिच्या पिठानं भरलेल्या हातावर त्यानं हात ठेवला. "आज त्येला जाताना बघितलं, आन् मला त्येची बायकू दिसली, झोपल्याली. तवर मी निसतं माझंच बघत व्हतो, रंगे. न्हाई बोलणार परत तसलं. आन् मनातबी आणणार न्हाई." तोवर तव्यावरची भाकरी करपली.

करपलेली भाकरी खाता खाता धनाजी म्हणाला, "पर एका गोष्टीत तू मला फशिवलंस."

"आता काय?"

"ती माणसं डावरी न्हाईत. उजव्या हातानं जेवत्यात. पदर डाव्या खांद्यावर, तुझ्यासारखाच."

"डावरीच हाईत! तीन वर्सं बघतीया मी!"

"कुठनं बघतीस?"

 रंगूबाईनं चुलीतलं लाकूड उगीचच आत ढकललं. "मागनं," ती म्हणाली. "तिथनं फुकाट दिसतंय."

धनाजीनं भाकरी खाली ठेवली. ही बाई थंडीत माळावर पालथ्या पाटीवर बसून, कनातीच्या फटीतून उलटा सिनेमा बघायची. आणि घरी येऊन त्याला सांगायची, मालक मला आत बसवत्यात. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"उद्या तू म्होरं बसायचं," तो म्हणाला. "पाटी मी धरतो."

"आन् लोकं बघत्याल तुमास्नी."

"आज समद्यांनी बघितलं की. काय झालं?"

दुसऱ्या दिवशी खेळ बदलला. हसायचा होता. रंगूबाई आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून बायकांच्या बाजूला बसली. हिरॉईननं उजव्या हातानं वाढलं, हिरोनं उजव्या हातानं घास घेतला, आणि ती आपल्याशीच हसली. मग बाहेरून आरोळी आली, "शेंगाऽऽ! गरम शेंगाऽऽ! पुडीवरचं वाचून घ्या, मगच फोडा! रुपाया कसा पडला, समदं लिवलंय!" बाहेरचं गिऱ्हाईक काहीतरी बोललं, त्यावर धनाजीनं मत दिलं, मग हशा झाला. बायका वळून वळून बघायला लागल्या.

खेळ सुटल्यावर बाळासो गाडी ढकलत होता आणि रंगूबाई शेजारून चालत होती. धनाजीच्या मांडीवर रिकामी पाटी होती.

"सांग की," धनाजी म्हणाला. "कसा व्हता खेळ?"

"मला काय ठावं?" रंगूबाई म्हणाली. "मी तुमचंच ऐकत बसले."